गाळा नंबर चौदामधली ऑडिशन

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागे एकदा हे सांगत होतो तेव्हा आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि तो अजूनही मला त्या शर्टाचा जाब विचारतो.

तर, मी नट आहे.

भुवया खाली घ्या! सतरा वर्षं नट आहे. तुम्ही मला शेकडो वेळा बघितलंय, फक्त ओळखत नाही. मालिकेत हिरोला पकडायला पोलीस येतात ना, त्यात मागे डावीकडे जो हवालदार असतो, तो मी. नवरीचा बाप भर मांडवात छाती धरून खाली बसतो, तेव्हा "अरे, पाणी आणा कुणीतरी!" म्हणून ओरडतो, तोही मीच. एकदा तर विहिरीतून काढलेलं प्रेत झालो होतो. नाकावर माशी येऊन बसली. चार मिनिटं बसली होती. हललो नाही. याला अभिनय म्हणतात, पण सांगायचं कुणाला?

माझं दुखणं एकच. सतरा वर्षांत मला नावाची भूमिका मिळालेली नाही. शूटिंगच्या कागदावर प्रत्येक पात्राचं नाव लिहिलेलं असतं. हिरोचं असतं, हिरॉइनचं असतं, एकदा हिरोच्या कुत्र्याचंही होतं, मोती. आणि माझ्यापुढे काय? 'हवालदार दोन'. 'गावकरी चार'. 'शेजारी, चष्मेवाला'. कुत्र्याला नाव आहे हो! अंजूरच्या दत्ताराम भोईरला एकदा तरी कुणीतरी व्हायचं होतं. शंकर म्हणा, तुकाराम म्हणा, काहीही चाललं असतं.

ही सगळी कामं मला दिली मधुदादांनी. दादा आमचे कोऑर्डिनेटर. म्हणजे शूटिंगवाल्यांना माणसं लागली की ते दादांना फोन करतात आणि दादा आम्हाला. भिवंडीत एसटी स्टँडच्या मागे त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. बोर्डावर मोठ्या अक्षरात 'पासपोर्ट व लग्नाचे फोटो', आणि खाली बारीक अक्षरात 'कलाकार मिळतील'. आत काउंटरच्या काचेखाली आम्ही सगळे कलाकार पासपोर्ट साइजमध्ये पडलेले असतो. माझा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. त्यात मला केस आहेत. सेटवर पोहोचलो की लोक माझ्या मागे बघतात आणि विचारतात, "ते स्वतः नाही आले का?"

"दादा, माझा फोटो बदला हो," मी दर दिवाळीला म्हणायचो.

"अरे, त्यात तू चांगला दिसतोस," दादा म्हणायचे. "आता काढला तर आहे तसा येशील."

पण माणूस सोन्यासारखा. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा हा गृहस्थ स्टुडिओ बंद करून तीन दिवस बाकड्यावर माझ्या शेजारी बसला होता. बोलला काही नाही, नुसता बसला. असल्या माणसाला सोडायचा विचारसुद्धा पाप, हे मला कळत होतं. कळत असूनही मी तो केला, म्हणून तर हा किस्सा घडला.

झालं काय, एका सोमवारी दुपारी अंधेरीहून फोन आला. मोठी टॅलेंट एजन्सी. रिया मॅडम बोलत होत्या.

"दत्ताराम सर?"

सर! मी वळून बघितलं, मागे कोण आलंय म्हणून.

"सर, तुमचं ते प्रेत बघितलं आम्ही. काय स्थिर होतात तुम्ही!"

सांगतो तुम्हाला, त्या माशीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

"एका जाहिरातीत गोदाम कामगाराची भूमिका आहे, सर. मेन रोल. पात्राचं नाव शंकर."

शंकर! मी मटकन ओट्यावर बसलो.

"फक्त एक आहे," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे आलात की काम आमच्याकडूनच. तुमच्या आत्ताच्या एजंटला सोडावं लागेल. गुरुवारी सकाळी नऊला मानकोलीला या, तिथे एका गोदामात आमचं वर्कशॉप आहे. पत्ता पाठवते. आणि सर, आम्ही ऑडिशन घेत नाही हं, आम्ही माणूस बघतो. गेटमधून आत आल्यापासून तुम्ही शंकर. कॅमेरा कुठे आहे हे आम्ही सांगणार नाही. कुणी काही काम सांगितलं तर करा, कुणी ओरडलं तर ऐकून घ्या. भूमिकेतून बाहेर यायचं नाही."

ही वाक्यं नीट लक्षात ठेवा. मी फार नीट लक्षात ठेवली, तिथेच घोटाळा झाला.

घरी सुनंदाला सांगितलं. सुनंदा म्हणजे आमची बायको. ती भाकऱ्या थापत होती.

"म्हंजे मधुदादांना सोडणार तुम्ही?"

"अजून ठरलं नाही. बघतोय."

"बघा हां. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये."

"अगं, पण नावाची भूमिका आहे! शंकर!"

"नाव हाय की तुमचं. दत्ताराम. त्याला काय धाड भरलीये?" असं म्हणून तिने भाकरी तव्यावर अशी टाकली, की पुढे बोलायची माझी छाती झाली नाही.

मंगळवारी म्हटलं, जे काय ते दादांच्या तोंडावर सांगून टाकू. मर्दासारखा स्टुडिओत गेलो. दादा काउंटरवर चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"ये दत्ता, काय काढलंस?"

"दादा, मला... म्हणजे... एक जरा..."

"अरे बोल की."

"पासपोर्ट फोटो हवेत. आठ."

दादांनी फोटो काढले. चांगले आठ. माझी मान दोन वेळा सरळ केली, कॉलर नीट केली, आणि माझ्याच रुमालाने माझ्या टकलावरचा घाम पुसला. कुणी आपल्या टकलावरचा घाम पुसत असताना त्याला 'मी तुम्हाला सोडतोय' असं सांगता येतं का? तुम्हाला येत असेल. मी पाकीट खिशात घालून घरी आलो.

गुरुवारी सकाळी शंकर होऊन निघालो. जुनी पॅन्ट, उसवलेला शर्ट, पायात स्लीपर, दोन दिवसांची दाढी. सुनंदाने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कपडे तरी बदला." मी म्हणालो, "बदललेत."

आता मानकोली तुम्हाला ठाऊक आहे. गोदामं, गोदामं आणि गोदामं. एका कंपाउंडमध्ये ए, बी, सी, डी अशा इमारती, सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या, आणि प्रत्येक इमारतीत पुन्हा एकपासून गाळे. मॅडमनी पाठवलं होतं, 'सी इमारत, गाळा नंबर चौदा.' रिक्षावाल्याने मला कंपाउंडच्या मागच्या गेटला सोडलं. त्या बाजूला इमारतींवर अक्षरं नव्हती, म्हणून मी सरळ तिसरी मोजली. मागून मोजलं की काय होतं, हे मला नंतर कळलं. मी छातीठोकपणे जिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, ती होती बी.

तिथेही गाळा नंबर चौदा होताच. बाहेर पन्नासेक माणसांची रांग होती. जुने कपडे, स्लीपर, वाढलेल्या दाढ्या. एका शंकरसाठी पन्नास नट! आणि काय तयारीने आलेले! एकाच्या टाचांना तर खऱ्या भेगा होत्या. मी मनात म्हटलं, याला म्हणतात मेकअप.

वॉचमनने मला विचारलं, "एजन्सी से आये हो?"

"हो."

"तो लाइन में लगो."

पुढे टेबलावर एक क्लार्क बसला होता. त्याने पहिल्यांदा मोबाइल काढून ट्रेमध्ये ठेवायला लावला आणि टोकन दिलं. बघा, काय शिस्त! आमच्या सेटवर प्रेतंसुद्धा मोबाइल बघत पडलेली असतात.

"फोटो लाया है?"

मी पाकीट काढलं. ताजे, आठ. क्लार्क खूश.

"पहले किया है ये काम?"

"सतरा साल."

"किधर?"

"मढ, नायगाव, घोडबंदर. जिधर बुलाया उधर."

"छोड़ा क्यों?"

आता मी शंकर होतो ना? पण त्या क्षणी शंकर आणि मी एक झालो. "नाम नहीं मिला, साहब," मी म्हणालो.

क्लार्कने माझ्याकडे दोन सेकंद बघितलं. मग मशीनवर टकटक केली आणि एक कार्ड माझ्या गळ्यात अडकवलं. त्यावर माझा फोटो होता. खाली मोठ्या अक्षरात छापलं होतं, दत्ताराम भोईर.

सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोशाखावर माझं नाव आलं होतं. मी रडलो. हो, तिथेच, रांगेत. मागचा माणूस म्हणाला, "चाचा, आगे बढ़ो."

आत गेलो तर डोळे दिपले. केवढा तो सेट! छतापर्यंत रॅक, हजारो खोकी, सरकणारा पट्टा. इतका खर्च करणाऱ्या एजन्सीपुढे मधुदादांचा स्टुडिओ म्हणजे काय, मला क्षणभर दादांची कीवच आली. आणि कॅमेरे? एक नाही, प्रत्येक खांबावर एक. मॅडम म्हणाल्या होत्या, कॅमेरा कुठे आहे ते सांगणार नाही. मी मनात हसलो. सतरा वर्षांच्या नटापासून कॅमेरा लपवता काय!

मला पॅकिंगला लावलं. खोकं घ्यायचं, आत माल ठेवायचा, टेप मारायची, पट्ट्यावर सोडायचं. शेजारी एक बाई होत्या, पस्तिशीच्या, अंगाने काटक, हात असे चालत होते की बघत राहावं. कार्डावर नाव होतं सुमन. मी हळूच सुरुवात केली.

"कुठून आलात?"

"वज्रेश्वरीकडनं."

"नाटकातून?"

"यष्टीतून."

भूमिकेतून जराही बाहेर येत नव्हत्या. मला कौतुक वाटलं.

"याआधी कुठलं काम केलंत?"

"वीटभट्टी."

'वीटभट्टी' मी बघितलं नव्हतं. प्रायोगिक असणार. "कुणाचं होतं ते?" मी विचारलं.

"शेठचं," त्या म्हणाल्या. "भाऊ, टेप मारा. मघापासून तुमच्याकडं तीनच खोकी झाल्याती."

तेवढ्यात सुपरवायझर आला. तिवारी. आला तोच ओरडत. "ए नये चाचा! ये क्या है? बॉक्स पॅक करना है, गोद में नहीं खिलाना है!"

काय तो आवाज, काय ती पट्टी! मानेच्या शिरा खऱ्या फुगल्या होत्या. कुणी ओरडलं तर ऐकून घ्या, असं मॅडमनी सांगितलेलंच होतं, त्यामुळे मी मान खाली घालून, ओठ थरथरवत ऐकून घेतलं. मग तो गप्प झाला तेव्हा जवळ जाऊन हळूच म्हणालो, "तिवारीजी, आपका गुस्सा बहुत नॅचरल है. किधर सीखा?"

तिवारी माझ्याकडे बघतच राहिला. "घर पे," तो म्हणाला.

दुपारपर्यंत मी चांगला रंगात आलो. आता नुसत्या टेप मारण्यात माणूस कसा दिसणार? शंकरच्या मनात काय चाललंय, ते दिसायला नको? म्हणून एक खोकं हातातून निसटून पडलं, बरं का, खरंच पडलं, तेव्हा मी संधी साधली. ते दोन्ही हातांनी उचललं, खांबावरच्या कॅमेऱ्याला तीन बोटं तिरका उभा राहिलो, कारण समोरून माझं नाक मोठं दिसतं, आणि भरल्या आवाजात म्हणालो, "या खोक्यात काय असेल, सुमनताई? एखाद्या लेकराचं खेळणं असेल. त्याचा बाप दूर गावी असेल. आणि त्या दोघांच्या मधे उभा आहे... हा शंकर!"

पट्टा थांबला. अख्खा गाळा थांबला. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मी पापणी हलवली नाही.

तिवारी म्हणाला, "चाचा, उसमें मिक्सर है। ऊपर लिखा है।"

आणि सुमनताई अगदी काळजीने म्हणाल्या, "भाऊ, पाणी प्या. सकाळी काय खाऊन आलावता का न्हाय?"

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर तरी कळायला हवं होतं. अहो, पण मॅडमनी बजावलं होतं, बाहेर यायचं नाही! मी काय कच्चा नट आहे? मी पाणी प्यालो आणि परत टेप मारायला लागलो.

तीन वाजता माझी पाठ गेली. चार वाजता पाय गेले. पाच वाजता मी अभिनय करायचा विसरलो आणि मुकाट्याने काम करू लागलो. मनात एकच, ही एजन्सी माणसाला पार पिळून बघते. मधुदादांनी मला कधी उन्हातसुद्धा उभं केलं नव्हतं. सावलीचं प्रेत द्यायचे बिचारे.

सहाला भोंगा झाला. सुमनताईंनी माझा नंबर घेतला. "उद्या लवकर आलात तर टमटममध्ये माझी जागा धरून ठेवा, भाऊ." तिवारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. निकाल!

"चाचा," तो म्हणाला, "बोलते बहुत हो. लेकिन टेप एकदम सीधा मारते हो। सतरा साल का हाथ दिखता है। कल से पक्का आ जाओ, पॅकिंग में तुमको परमनंट कर देंगे।"

"और शंकर?" मी विचारलं.

"कौन शंकर?"

"मेरा रोल. जाहिरात का. रिया मॅडम..."

तिवारी आता मात्र मनापासून हसला. "वो शूटिंगवाले? वो सी में हैं, चाचा। ये बी है। ये तो लेबर सप्लाय की एजन्सी है।"

काय वाटलं म्हणून विचारता? काही वाटलं नाही. वाटायला अंगात जीव लागतो. मी गेटवर टोकन दिलं, मोबाइल घेतला आणि चालू केला. रिया मॅडमचा एकच निरोप होता, 'सर, तुम्ही आला नाहीत. वेळ न पाळणाऱ्यांसोबत आम्ही काम करत नाही.' सकाळी आठ पन्नासला मी हजर होतो हो! फक्त शंभर पावलं पलीकडे.

आणि मधुदादांचे सतरा मिसकॉल.

मान वर केली तर दादा समोरच. गेटबाहेर स्कूटरला टेकून उभे. त्यांनी घरी फोन केला होता आणि सुनंदाने सांगितलं होतं, "मानकोलीला गोदामात गेल्याती." खोटं बोलत नाही हो ती, पण पुढचं अर्धं वाक्य तरी बोलायचं! दादा तेव्हापासून मला गेट गेट शोधत होते. त्यांनी माझे फाटके कपडे बघितले. काळे झालेले हात बघितले. मग गळ्यातलं कार्ड बघितलं, त्यावर त्यांनीच काढलेला फोटो. आणि मधुदादांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दत्ता," ते म्हणाले, "एवढी वेळ आली तुझ्यावर? आणि मला बोलला नाहीस?"

"दादा, तसं नाही..."

"मंगळवारी आला होतास. सांगायला आला होतास ना? जीभ रेटली नाही तुझी. आणि मी बसलो तुझी कॉलर नीट करत. माझंच चुकलं रे. मीच तुला कामं कमी दिली, म्हणून हमाली करायला लागली तुला."

आता सांगा, काय बोलणार होतो मी? 'दादा, हमाली नाही, मी तुम्हाला सोडायला आलो होतो,' असं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खरोखरच रडायला लागलो, आणि दादांना वाटलं कष्टाने रडतोय, म्हणून तेही जास्त रडायला लागले. वॉचमनने दोघांनाही पाणी दिलं.

"मी का फोन करत होतो माहीत आहे?" स्कूटरवर दादा म्हणाले. "एका जाहिरातीत काम आलंय. गोदाम कामगार. नाव पण आहे बघ त्याला. शंकर."

मी स्कूटरवरून पडलो नाही, एवढंच.

तेच काम! शूटिंगवाल्यांनी अंधेरीलाही सांगितलं होतं आणि एसटी स्टँडच्या मागेही. ज्या शंकरसाठी मी दादांना सोडायला निघालो होतो, तो आपल्या पायांनी दादांच्या काउंटरवर येऊन बसला होता.

मग दादांनी माझ्यासाठी जिवाचं रान केलं. दिग्दर्शकाला स्वतः जाऊन भेटले. "साहेब, नट तर तुम्हाला शंभर मिळतील. माझा माणूस खऱ्या गोदामात राबलेला आहे. पोटासाठी." दिग्दर्शक विरघळला. असाच अस्सल माणूस हवा होता म्हणाला. इकडे दादांनी आमच्या कलाकारांच्या ग्रुपवर 'दत्तावर वाईट दिवस आलेत, सांभाळून घ्या' असं टाकलं, आणि दोन दिवसांत माझ्या घरी तीन डबे, एक तांदळाची गोणी आणि एक जुनं स्वेटर आलं. सुनंदा स्वेटर हातात धरून म्हणाली, "आता तरी खरं सांगाल का लोकांना?" मी म्हणालो, "शूटिंग होऊ दे."

शूटिंग होतं मानकोलीला. त्याच कंपाउंडमध्ये. कुठे, ते सांगायला हवं का? बी इमारत, गाळा नंबर चौदा. सुट्टीच्या दिवशी गाळा भाड्याने घेतला होता आणि मागे दिसायला तिथलेच पाच-सहा कामगार थांबवून घेतले होते. त्यात सुमनताई.

"अगोबाई, भाऊ!" त्या ओरडल्या. "परत लागलात कामाला? बरं केलंत!"

माझ्या छातीवर बिल्ला होता. त्यावर लिहिलं होतं, शंकर.

लाइट लागले. दादा मॉनिटरच्या मागे हात जोडून उभे राहिले. काम एवढंच होतं, खोकं बंद करायचं, टेप मारायची, आणि म्हणायचं, "पोहोचेल वेळेवर." दोन शब्द! मी खोकं जवळ घेतलं. त्याच्याकडे बघितलं. टेप मारताना डोळ्यांत सगळा भूतकाळ आणला. "पोहोचेल..." इथे एक श्वास घेतला, "वेळेवर."

"कट! काका, साधं करा."

साधं केलं. कट. आणखी साधं केलं. कट. नवव्या वेळेला दिग्दर्शक कपाळाला हात लावून मधुदादांना म्हणाला, "अहो, हे खरे कामगार आहेत ना नक्की? यांनी आयुष्यात कधी खोकं उचललेलं वाटत नाही! त्या मागच्या बाईंकडे बघा. त्या बघा कशा टेप मारतात!"

सगळ्यांनी मागे बघितलं. सुमनताईंना शूटिंग थांबल्याचं कळलंच नव्हतं, त्या आपलं काम करत होत्या. खोकं पट्ट्यावर ढकलून त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय झालं? पोहोचेल की वेळेवर."

"ओके!" दिग्दर्शक ओरडला.

संपलं. माझा बिल्ला निघाला. नवीन बिल्ला छापला, सुमन. जिला नाव होतं ती भूमिका गेली आणि कागदावर माझ्यापुढे लिहिलं गेलं, 'कामगार तीन'. मी मागे उभं राहून टेप मारली. आता सरळ येत होती, पण बघणारं कोण?

मधुदादांचा डोळा तयार! त्यांनी त्याच दुपारी सुमनताईंचा पासपोर्ट फोटो काढला, आणि तो आता काउंटरच्या काचेखाली अगदी मधोमध आहे. जागा करायला माझा जरा सरकवला. दादांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. एकदोनदा सांगायला गेलो, तर त्यांनी मला जेवायला घातलं. एक मात्र ठरलं, दादांना सोडायचा विचार पुन्हा मनात आणायचा नाही. शरम आहे थोडी, हे खरं, पण जीवही आहे हो त्या माणसावर.

सुमनताईंची आत्तापर्यंत तिसरी जाहिरात झाली. आणि परवा त्यांचाच फोन आला.

"भाऊ, एक इचारायचं व्हतं. अंधेरीवरनं एका मॅडमचा फोन येतोय सारखा. आमच्याकडं या म्हणती, पर मधुदादांना सोडावं लागंल. मना काय सुधरत न्हाय. तुम्हीच सांगा."

माझा ऊर भरून आला. सतरा वर्षांचा अनुभव! शेवटी कुणीतरी ओळखलं. मी आवाज गंभीर केला. "ताई, एवढ्या लोकांतून मलाच विचारावंसं वाटलं तुम्हाला, हेच..."

"मंग दुसऱ्या कोणाला इचारू? लागलेलं काम एका दिवसात सोडून पळालेला मानूस माझ्या वळखीत तुम्हीच एकटे हाव."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"ती मॅडम बरी हाय का वो, भाऊ?"

"दादांना सोडू नका, ताई," मी म्हणालो. "आणि गेलातच, तर इमारत कुठली ते आधी विचारा."

"इचारते. आनि भाऊ, तुमचं नाव काय वो? पोरीनं फोनात तुमचा नंबर घातलाय, तर नाव इसरली म्हणून 'टेपवाले भाऊ' घातलंय. बदलायला सांगू का?"

मी जरा विचार केला. हवालदार दोन, गावकरी चार, कामगार तीन.

"नको ताई," म्हटलं, "राहू द्या."